पोटखराब

मे महिन्यात सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातला माळ पाहिला की सज्जन माणसाला त्याची दया येते. पिवळे पडलेले खुरटे गवत, मधूनच उघडा पडलेला मुरूम, लांबवर एखादी बोर नाहीतर हिवर. या दयेतून एक सिद्धांत जन्माला आला आहे आणि शाळेच्या प्रभातफेरीपासून मंत्रालयापर्यंत त्याला कोणी हरकत घेत नाही. सिद्धांत असा, की माळ म्हणजे मेलेले जंगल. कुऱ्हाडीने आणि मेंढीने ते मारले. सबब झाडे लावून ते पुन्हा उभे करणे हे पुण्यकर्म. २०१६ च्या १ जुलैला महाराष्ट्राने २ कोटी झाडांचा संकल्प सोडला. पुढच्या वर्षी तो ४ कोटींवर, मग १३ कोटींवर आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेला. एवढी रोपे लावायची कुठे? शेतकरी बांधावर चार लावील, शहर रस्त्याकडेला दोन. बाकीचा आकडा भरून काढायला माळ असतोच. त्यावर सलग समतल चर खणले जातात, चरांच्या काठाने गिरिपुष्प लावले जाते आणि फोटोत हिरवे दिसले की काम झाले. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राखण करावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण समजला गेला. ज्या जमिनीचे सारे आयुष्य चरणाऱ्या तोंडांवर उभे आहे, तिथे कोणी खाणार नाही असे झाड मुद्दाम निवडायचे, यातली विसंगती कोणाला खटकली नाही.

हे झाले कसे, याचे उत्तर जमिनीत शोधण्याआधी दप्तरात शोधावे लागते. ब्रिटिश महसुलाच्या हिशेबात जी जमीन सारा देत नाही ती ओसाड. सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराब’ हा शब्द आहे: लागवडीला निरुपयोगी, म्हणून आकारणीतून वगळलेले क्षेत्र. वनखात्याचा हिशेब लाकडाचा, तेव्हा जिथे सरळ खोड नाही तिथे वन नाही. स्वातंत्र्यानंतर मोजणारे हात बदलले, माप तेच राहिले. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि पुढे देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात झुडपी माळांना रीतसर जागा मिळाली. वनाच्छादनाच्या सरकारी व्याख्येत हेक्टरभर जागेवर किमान १० टक्के झाडोऱ्याचे छत्र लागते. छत्र त्याहून कमी असेल, तर गवत कितीही जातींचे असो, ते जमेस धरले जात नाही. मराठी भाषेला मात्र ही जमीन खराब आहे हे कधी माहीत नव्हते. तिने गायरान म्हटले, कुरण म्हटले, माळरान म्हटले. पवना, मारवेल, शेडा, डोंगरी, कुसळी अशी गवतांना वेगवेगळी नावे दिली. निरुपयोगी वस्तूला कोणी इतकी नावे देत नाही.

‘पण पूर्वी इथे जंगलच होते,’ हा प्रतिपक्षाचा मुख्य आधार. तो तपासू. दख्खनच्या या पट्ट्यात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस कमी, तोही चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने कोरडे. बेसाल्टवर वीतभर माती आणि खाली मुरूम. दाट छत्राचे जंगल पोसायला हे भांडवल पुरत नाही. गवत आणि विखुरलेली काटेरी झाडे यांना ते नेमके पुरते. दुसरा पुरावा प्राण्यांच्या शरीरात आहे. काळवीट भारतीय उपखंडाबाहेर मूळचा कुठेच नाही. माळढोक पक्षीही इथलाच, धाविकही. काळविटाचे संरक्षण म्हणजे दूरवरचे पाहणे आणि वेगाने पळणे. झाडीत दोन्ही गुण वाया जातात. माळढोक एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता. असे देह शे-दोनशे वर्षांच्या जंगलतोडीतून घडत नाहीत, त्याला लाखो वर्षे लागतात. उपखंडात उष्ण हवेतल्या गवतांचा प्रसार सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी सुरू झाल्याचा माग शिवालिकच्या जीवाश्म-मातीत सापडतो, तेव्हा कुऱ्हाड धरणारा हातही नव्हता. तिसरा पुरावा आपल्याच कपाटातला. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रानटी वनस्पतींपैकी बहुसंख्य माळरानाच्याच निघाल्या: बाभूळ, पळस, तरवड यांच्यासारख्या, ऊन मागणाऱ्या. म्हणजे इंग्रजांच्या कितीतरी आधी, संतांच्या पायाखालीही माळच होता. एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रत्येक उघडी जमीन माळरान नसते. घाटमाथ्याच्या भरपूर पावसाच्या भागात तोडीमुळे उघड्या झालेल्या जागा आहेत, तिथे जंगल परत यायला हवे. पण महाबळेश्वरचे औषध म्हसवडला कशासाठी?

इथवर खंडन झाले. माळ जंगल नव्हता एवढे सिद्ध केल्याने तो काय आहे हे कळत नाही. माझे म्हणणे असे, की माळ ही नुसती जागा नव्हे. तोंडे, खूर आणि शेण यांनी रोज चालू ठेवलेले ते काम आहे. गवताचा वाढीचा कोंब पात्याच्या टोकाला नसतो, बुडाशी, जमिनीलगत असतो. झाडाचा शेंडा खुडला की झाड खुंटते. गवत वरून खाल्ले की बुडातून पुन्हा फुटते. उलट कोणीच खाल्ले नाही, कापले नाही, जाळले नाही, तर वाळलेल्या काडाचा थर साचतो आणि नव्या फुटीचे ऊन अडवतो. म्हणजे चरणारा हा गवताचा केवळ शत्रू नाही. कुसळीचे बी पाहा: त्याची शेपटी हवेतल्या ओलाव्याने उलगडते, कोरड पडली की पिळते, आणि या पीळ-उलगड्यातून बी स्वतःला मातीत गिरमिटासारखे रुतवते, त्याआधी ते लोकरीत अडकून कोसभर प्रवास करते. बोर खाऊन कोल्हा आठळ्या दूरवर टाकतो. शेण खालच्या मातीत ओढून नेण्याचे काम शेणकिडे करतात. आणि लांडगा? त्याच्या भीतीने कळप एका जागी बसून राहत नाही, एकच पट्टा बोडका होत नाही. लांडग्याने मारलेल्या जनावरावर पुढे तरस पोसते. माळ प्राण्यांना घडवतो आणि प्राणी माळाला. यातले आधी कोण, हा प्रश्न निरर्थक आहे.

ही साखळी उलटी फिरली तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. गुजरातच्या बन्नी गवताळ प्रदेशात खाऱ्या रणाला आळा घालावा म्हणून १९६० च्या दशकात विलायती बाभूळ लावली गेली. तिच्या गोड शेंगा गुरांनी खाल्ल्या, बिया शेणातून अंकुरल्या आणि कुरण काटेरी रानाने गिळले. गुजरातमधल्याच वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात काळवीटही या शेंगा खातात आणि तिचे बी पसरवतात. चरणाऱ्यांनी जी किमया बोरीसाठी केली तीच त्यांनी परक्या बाभळीसाठी केली. ती करताना त्यांनी आमच्या हेतूची चौकशी केली नाही. एक चुकीचे झाड लावणे ही माळावर एका झाडापुरती चूक राहत नाही, ती इथे चालत जाते.

आता सर्वांत जोरदार आक्षेप: ‘मेंढरांनीच तर माळ खाऊन टाकले!’ अतिचराई होते, हे नाकारणे खोटेपणा होईल. पण ती का होते? गायराने अतिक्रमणात गेली, उद्योगवसाहतींत गेली, वृक्षारोपणाच्या कुंपणात गेली; राहिलेल्या तुकड्यावर सगळे कळप आले. आधी ताट काढून घ्यायचे आणि मग उरलेल्या वाटीभोवती झुंबड का, असे विचारायचे, असा हा प्रकार आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, अशी म्हण आहे. मुसळ कोणाच्या डोळ्यात आहे ते वेगळे सांगायला नको. शिवाय धनगराची मेंढरे एका ठिकाणी मुक्काम करत नाहीत. पावसाळा संपला की वाडा, म्हणजे कळपासकट बिऱ्हाड, हलतो, कोकणाकडे किंवा काळ्या मातीच्या गावांकडे; वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. हालचाल हीच इथली राखण आहे. आणि चराई पूर्ण बंद केली तर निसर्ग आपोआप सावरतो, या समजुतीची किंमत राजस्थानातल्या भरतपूरने मोजली आहे. १९८२ मध्ये तिथल्या केवलादेव उद्यानात चराई बंद झाली, त्यावरून गोळीबार झाला, माणसे मेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात निघाले ते असे, की म्हशी गेल्यावर पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आटली. तिथे पाणथळ आहे, इथे माळ. गवताचा नियम बदलत नाही.

हवामानबदलाचा मुद्दा शिकलेली माणसे पुढे करतात: झाडे कार्बन धरतात, मग माळावर झाडे का नकोत? कारण हिशेब अर्धाच मांडला जातो. गवताळ प्रदेशाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात पाती जळतात, तो साठा बहुतांशी शाबूत राहतो. चर खणणारे यंत्र नेमका तोच थर उलटा करते. वर आणलेली खोडे पुढच्या दुष्काळात वाळली, तर घर मोडून खाट विकत घेतल्यासारखे झाले.

माळ वाचवायचा तर अभयारण्य करावे, असेही म्हणतात. केले होते. १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेते आली, गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि एका लाजऱ्या पक्ष्याचे नाव ऐकताच लोक चिडू लागले. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरवर आणले, तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरात उरलेल्या, दीडशेच्या आत-बाहेर असलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत, आणि तिथे ते विजेच्या तारांना धडकून मरतात. सौरऊर्जेच्या त्या तारा ‘रिकाम्या’ जमिनीवरूनच गेलेल्या असतात. लोकांना वगळून केलेले रक्षण आणि गवताला वगळून केलेली लागवड, दोन्हींचा उगम एकच: इथे कोणी राहत नाही, ही समजूत. किमान एवढी अट घालता येईल, की चर खणण्याआधी माळाची एक पाहणी सप्टेंबरात व्हावी. तेव्हा कुसळी गुडघ्याला लागते, मेंढपाळ आपापल्या वाटा सांगू शकतात, आणि माळढोकाचे ते एकुलते अंडे, असलेच तर, तिथेच उघड्यावर असते.