घरांतील फरशी आणि बागाइतदार

आंब्याचा हंगाम संपून हिशेब हातीं आला, कीं घराची डागडुजी मनांत येते. आणि अलीकडे डागडुजी म्हणजे प्रथम फरशी, असा देवगड तालुक्यांत प्रघातच पडला आहे. शेणानें सारवलेली जमीन काढून तेथें गुजराथेंतील मोरबीहून आलेली चकचकीत लादी बसविणें आज सामान्य बागाइतदारासहि अशक्य राहिलेलें नाहीं. आम्ही या सुधारणेच्या विरुद्ध नाहीं. वारंवार जमीन सारविण्याचे कष्ट घरांतील स्त्रियांनींच सोसले. ते चुकले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु फरशी डोळ्यांनीं निवडली जाते आणि पायांनीं भोगावी लागते, हें खरेदीच्या वेळीं फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं.

आपला मुलूख जांभ्या दगडाचा. जांभा सच्छिद्र असल्यामुळें जोत्यांतून ओल वर चढते. सारवलेली जमीन ती ओल शोषून हळूहळू हवेंत सोडी. झिलईची फरशी तसें करीत नाहीं. शिवाय मृगाच्या सुमारास दमट हवा थंड फरशीस लागतांच तीवर पाण्याचा पातळ थर धरतो, आणि वृद्ध माणसाचा पाय तेथेंच सरकतो. खुब्याचें हाड मोडलें, तर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन यांपुढें लादीची किंमत ती काय? म्हणून पडवी, न्हाणी, स्वयंपाकघर व पायऱ्या येथें खरबरीतच फरशी घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. दुकानांत नमुना भिजवून त्यावर अनवाणी उभें राहून पाहण्यास पैसा पडत नाहीं.

जातहि ओळखावी. व्हिट्रिफाइड फरशी आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाहीं. भिंतीची साधी सिरॅमिक लादी १० टक्क्यांहूनहि अधिक शोषते. ती स्वस्त मिळते म्हणून जमिनीस लावणें ही काटकसर नव्हे.

जुन्या सारवणावरच लादी बसवूं नये. ती माती उकरून, भराव पाणी मारून चोपून, वाळवीचा बंदोबस्त करून मगच कोबा घालावा. कित्येक गवंडी लादीच्या कोपऱ्यांखालीं मालाचे गोळे ठेवून ती दाबतात. खालीं पोकळी राहते, आणि आंब्याचा भरलेला क्रेट आपटला कीं लादी तडकते. माल सर्व पाठीस सारखा लागला पाहिजे, दोन लाद्यांत २ ते ३ मिलिमीटर सांधा सोडला पाहिजे, व न्हाणींत मोरीकडे उतार दिला पाहिजे. काम संपल्यावर प्रत्येक लादी नाण्यानें वाजवून पाहावी. पोकळ आवाज देईल ती बदलून घ्यावी, आणि मगच मजुरी चुकती करावी.

शेवटचा मुद्दा पैशाचा. फळ धरण्यापूर्वींच व्यापाऱ्याकडून उचल घेऊन जे फरशी करतात, त्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, अवकाळी पाऊस आणि तुडतुडे कोणाचें कर्ज पाहून थांबत नाहींत. उचलीनें बांधलेला माल व्यापारी ठरवील त्या भावानें जातो. हातच्या पैशांत होईल तेवढेंच काम करावें : यंदा स्वयंपाकघर व न्हाणी, पुढील हंगामानंतर माजघर. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या नांवाची किंमत बागाइतदाराच्या हातीं राहावयाची असेल, तर आपला माल आपण विकण्याचें स्वातंत्र्य त्यानें प्रथम राखलें पाहिजे. तें गहाण टाकून घरीं आणलेली चकाकी आम्हांस फार महाग वाटते.