क्रूस पाहू नका, तसबीर पाहू नका. फीची पावती पाहा

जून उजाडला की आमच्या मांडवीत दोन गोष्टी बरोबरच होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद म्हणून यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि त्याच सुमारास शाळेच्या फीची चिठ्ठी घरी येते. पैसा येण्याचे दार बंद, जाण्याचे दार सताड उघडे! अशा वेळी खारवी, भंडारी, कुणबी, सुतार यांच्या घरांत एकच वाद माजतो: पोराला पाद्र्यांच्या कॉन्व्हेंटात घालावे, की दुसऱ्या खाजगी हायस्कुलात? वाद घालणारे पुष्कळ, पण नेमके काय तपासावे हे सांगणारा विरळा. म्हणून हा लेखप्रपंच.

एक पक्ष म्हणतो, "कॉन्व्हेंटात पोर बाटेल." बांधवहो, असे सांगणाऱ्यास आमचा एक सवाल आहे. आपल्याच जिल्ह्यात दापोलीस मिशनचे हायस्कूल होते. तेथे पांडुरंग वामन काणे शिकले. ते बाटले काय? उलट त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली भारतरत्न झाले. साने गुरुजी त्याच शाळेचे. जोतीराव फुल्यांना तर लोकांचे ऐकून वडिलांनी शाळेतून काढले होते. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी समजूत घातली, तेव्हा १८४१ साली ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. शहाण्यांची पोरे मिशनात शिकून मोठी झाली आणि धर्म बुडण्याचे भय तेवढे आमच्या पोरांसाठी राखून ठेवले, हा न्याय कोणता?

दुसरा पक्ष म्हणतो, "कॉन्व्हेंट म्हणजे साक्षात वैकुंठ." हाही भ्रमच. जोगिणींनी चालविलेल्या कित्येक शाळांत शिस्त व शिकवणी चांगली असते, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करितो. पण 'कॉन्व्हेंट' वा 'सेंट' अमुक अशी पाटी लाविलेल्या सगळ्याच शाळा चर्चच्या नसतात. दुकानावर नाव कोणीही रंगवितो. आणि घरात इंग्रजीचे अक्षर कळणारे कोणी नसेल तर संध्याकाळी खाजगी शिकवणी लावावी लागते. म्हणजे एका शाळेस दोन फिया!

तिसरे म्हणतात, "आमची शाळा कोणत्याच धर्माची नाही." बरे आहे. पण अशा कित्येक शाळांत दसऱ्याला सरस्वतीपूजन होते, ते कोणाच्या धर्माचे? प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडविली गेली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या शिक्षकाचा पक्ष उचलून धरिला. घटनेचे २८ वे कलम स्पष्ट आहे: सरकारमान्य वा अनुदानित शाळेत आईबापांच्या संमतीवाचून पोरास धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. हा हक्क कॉन्व्हेंटातही आहे आणि दुसऱ्या शाळेतही आहे. तेव्हा धर्माचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. तो बाजूस ठेवा.

आता खरी गोम ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत शेकडा २५ जागा गोरगरिबांस ठेविल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांस त्यातून वगळले, व २०१४ साली सर्वच अल्पसंख्याक शाळांस. अल्पसंख्याकांनी शाळा काढाव्या हा त्यांचा घटनादत्त हक्क आम्हांस मान्य आहे. पण त्या हक्काने आमच्या पोराची जागा का जावी? १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे धाडले. इतर खाजगी शाळांचेही ऐका. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम केला की, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस या जागा देण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला म्हणून बरे!

शिवाय या जागा पहिल्या पायरीलाच मिळतात आणि सवलत आठवीला संपते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी होऊन निघालेल्या पोरास या कायद्याने दोन्ही दारे बंद, आणि आत गेलेल्यास नववीत पुरी फी. हायस्कुलाचा खर्च जेथे खरा सुरू होतो, तेथेच कायदा हात सोडितो.

म्हणून शाळा निवडताना हे विचारा. शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित? अनुदानित असेल तर मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या आमच्या करातून जातो. मग देणगी कसली? फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केली आहे काय? २०११ च्या राज्याच्या कायद्याने तो हक्क पालकांस दिला आहे. दहावीपर्यंतचा सारा खर्च, गणवेश, पुस्तके, गाडी धरून किती? गणित-विज्ञान शिकविणारा मास्तर कायमचा आहे की दरवर्षी बदलणारा? आणि आपल्यासारख्या घरची किती पोरे तेथून दहावी होऊन बाहेर पडली?

उत्तरे चांगली आली तर खुशाल कॉन्व्हेंटात घाला. न आली तर होडी गहाण टाकून, बायकोच्या गळ्यातले मोडून तेथे जाऊ नका. जवळच्या अनुदानित मराठी हायस्कुलात घाला आणि तेथे इंग्रजी नीट शिकवा म्हणून हेडमास्तरांच्या दारात दहा पालक मिळून उभे राहा. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांची मुले शिकतात, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडिली होती. ती अजून फिटलेली नाही. पोर बाटेल की काय याचा घोळ आपण ओटीवर घालीत बसलो, तर फी किती घ्यावी हे आपल्यावाचून ठरत राहील. पुढच्या पालकसभेस होड्या बंद असतीलच. सबब सांगू नका, जा, आणि पावती मागा.

— एक शाळामास्तर, मांडवी, रत्नागिरी