गोळीकिड्यांचें पालन : छंद कीं शेतकी ?

किडा म्हटला कीं आपल्या शेतकरी बंधूंचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो, व त्यांत त्यांचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. टोमॅटोवरील अळी, कांद्यावरील फुलकिडे आणि उसाच्या मुळाशीं बसणारी हुमणी यांनीं ज्याचें वर्ष बुडविलें त्यास किड्यांविषयीं ममता कोठून येणार ? असें असतां, किडे पैसे देऊन विकत घेणारीं, कांचेच्या पेटींत त्यांचा संसार मांडून देणारीं माणसें या जगांत आहेत असें सांगितलें तर ओझरच्या पारावर हंशा पिकेल. परंतु ती गोष्ट खरी आहे. जर्मनी, जपान, अमेरिका या देशांत हा छंद अलीकडे बराच वाढला असून आपल्या देशांतील शहरांतही तो येऊन पोहोंचला आहे. या छंदाचा एक भाग शेतकऱ्यानें उचलण्याजोगा आहे आणि दुसरा दारांतही उभा करूं नये असा आहे, हें आमचें मत येथें मांडावयाचें आहे.

ज्या प्राण्याविषयीं आम्ही बोलत आहों तो वाचकांनीं शेंकडों वेळां पाहिला असेल. उसाचें पाचट उचललें, शेणखताच्या ढिगाच्या कडेचा दगड उलथला, किंवा केळीच्या बुंध्याचें कुजलें सोपट ओढलें, कीं राखी रंगाचे, ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे लांबट जीव इकडेतिकडे पळूं लागतात. त्यांतील कांहीं बोट लागतांच अंग मिटून गोळी होतात. शास्त्रज्ञ यांस आयसोपॉड म्हणतात. आम्ही सोयीसाठीं गोळीकिडा म्हणूं. वाणीही अंग वळवितो, परंतु वाणीचे पाय मोजतां मोजतां माणूस थकतो; गोळीकिड्यास पायांच्या बरोबर सात जोड्या असतात.

खरें पाहतां हा किडा नव्हेच. हा खेकडा व कोळंबी यांच्या कुळांतला. कुकडीच्या पात्रांतील खेकडा व बांधावरील हा जीव एकाच मूळ घराण्याचे. पुढें खातेफोड झाली, एकानें पाणी ठेवून घेतलें, दुसऱ्यानें जमीन घेतली, पण ओलीवरील हक्क मात्र दोघांचाही कायम राहिला. याच्या पोटाखालीं श्वासाचे पडदे असतात आणि ते ओले राहिले तरच त्यास श्वास घेतां येतो. म्हणून तो उन्हांत येत नाहीं, दिवसा दडतो व रात्रीं चरतो. मादी अंडीं टाकून जात नाहीं. पोटाखालच्या पिशवींत तीं वागविते, व पिलें बाहेर येतात तीं पायांच्या सहाच जोड्या घेऊन. सातवी मागाहून फुटते. कात टाकतो तोही दोन हप्त्यांनीं, आधीं मागची अर्धी व कांहीं दिवसांनीं पुढची अर्धी. टाकलेली कात खाऊन टाकण्याची त्याची चाल आहे, कारण तींत चुना असतो. जमिनीवर राहणाऱ्या याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाति नोंदल्या गेल्या आहेत.

आतां शेतकऱ्यास याचा उपयोग काय ? हा जीव वाळलेलीं व कुजूं लागलेलीं पानें कुरतडतो, बारीक करितो, आणि लेंड्यांच्या रूपानें मातीस परत देतो. कुजविण्याचें खरें काम बुरशी व जिवाणू करितात, परंतु अखंड पानापेक्षां चावून बारीक झालेलें पान त्यांच्या हातीं लवकर लागतें. चक्कींत दळल्याशिवाय भाकरी होत नाहीं, तशी ही पहिली दळणी आहे. एका हेक्टर उसाचें पाचट ८ ते १० टन भरतें. त्यांत शेंकडा सुमारें अर्धा भाग नत्र व पाऊण ते एक भाग पालाश असतो. म्हणजे दहा टनांत ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश. काडी लावली कीं नत्र धुरावाटे जातें, राख वाऱ्यानें व पाण्यानें जागची हलते, आणि वरच्या थरांतील सगळे दळणकरी तेथल्या तेथें भाजून निघतात. पुढच्या हंगामांत तोच शेतकरी कुजविणाऱ्या जिवाणूंची पिशवी व गांडुळांचें वाण विकत आणावयास जातो !

पाचट जाळणारांचीं कारणें आम्हांस ठाऊक आहेत. तें सरींत पाण्यास आडवें येतें, उंदीर माजतात, मजूर मिळत नाहीं. बिबट्याची भीति पुष्कळ जण पुढें करितात, पण बिबट्या उभ्या उसांत दडतो, कापलेल्या रानांत नव्हे. पाण्याची अडचण मात्र खरी आहे, व तिला उपाय आहे. बुडखे जमिनीलगत छाटून, पाचट सरींत दाबून, त्यावर हेक्टरीं ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावें, ही कृषि विद्यापीठाची शिफारस जुनी झाली. ज्यांनीं ती खोडव्यांत एकदां नीट केली ते पुन्हां काडी शोधीत नाहींत, असा आमच्या भागांतला अनुभव आहे.

येथें तो छंद कामास येतो. कांचेची रुंद तोंडाची बरणी घ्यावी व झांकणास बारीक भोकें पाडावीं. तळाशीं चार बोटें माती व पानांचें कुजकट मिसळून घालावें, वर उंबराचीं किंवा जांभळीचीं वाळलीं पानें, कुजक्या लाकडाचा तुकडा व आडोशास कौलाचा एक तुकडा ठेवावा. अर्धी बाजू ओली व अर्धी कोरडी असावी. सगळीच ओली केली तर बुरशी चढते, सगळी कोरडी झाली तर दोन दिवसांत खेळ आटोपतो. चुन्यासाठीं अंड्याचें कवच चुरून टाकावें. आठवड्यास काकडीची एक चकती पुरे. बरणी सावलींत ठेवावी व बांधावरचे पंधरा-वीस जीव तींत सोडावे. आमच्या ओसरीवर अशा बरण्या आहेत; उंबराचें पान आधीं संपतें व शिरांची जाळी तेवढी उरते, आंब्याचें पान मात्र दीर्घकाळ टिकतें. घरांतील मुलें अभ्यास सोडून तिच्यापाशीं बसतात ही तक्रार आमच्यापर्यंत आली आहे. आम्ही ती दप्तरीं दाखल केली आहे.

मुलांची करमणूक एवढाच हेतु असता तर आम्ही या मासिकाची जागा अडविली नसती. दुसरी बरणी तशीच भरावी, परंतु तींत पानें अगर पाचट फवारलेल्या रानांतील घालावें. मग दोन्हींतील जीव मोजावे. गोळीकिडा किडा नसला तरी कीटकनाशकास तो भेद कळत नाहीं. मातीची एक बाजू शुद्ध व दुसरी औषध घातलेली ठेवून हे प्राणी कोणती बाजू टाळतात हें पाहण्याची रीति प्रयोगशाळांतही रूढ आहे. तांबें, जस्त, शिसें हे धातु ते आपल्या शरीरांत सांठवून ठेवतात, म्हणून मातीच्या दूषणाची परीक्षा करणारे त्यांस तपासतात. नारायणगांवच्या बाजूस ज्यांच्या द्राक्षबागांवर वर्षानुवर्षें बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचुदाचे, हात फिरले आहेत त्यांनीं हें लक्षांत घ्यावें. एका बरणीवरून निकाल देऊं नये. तीन इकडच्या व तीन तिकडच्या ठेवाव्या. सातबाऱ्यावर पीक लागतें, विहीर लागते, झाडही लागतें. जमिनींत जिवंत किती आहे याचा रकाना कोणत्याच गांवनमुन्यांत नाहीं. तो बरणीनेंच भरावा लागेल.

आतां दुसरा भाग. थायलंडांतील चुनखडीच्या गुहांतून आलेले पिवळ्या तोंडाचे, बदकासारखे दिसणारे गोळीकिडे या छंदांत मोठ्या किमतीस विकले जातात. पैसा ज्याचा त्याचा. परंतु असे परदेशी जीव पाळून पुढें कंटाळा आला म्हणून कोणी बांधावर सोडूं लागला, तर त्यास गांवानें अडवावें असें आम्ही स्पष्ट म्हणतों. अर्जेंटिनांत युरोपातून आलेला गोळीकिडा, नांगरणी न करितां पालापाचोळ्यांत पेरलेल्या सोयाबीनचीं कोवळीं रोपें खातो, व तेथें तो उपद्रवी म्हणून गणला जातो. म्हणजे हा साधु जीवही संख्या वाढली व कोवळें अन्न समोर आलें तर साधु राहत नाहीं. शंखी गोगलगाय १८४७ सालीं कलकत्त्यास आणली गेली तेव्हां तीही एका हौशी गृहस्थाची हौसच होती; आज ती आपल्या राज्यांत पिकें खात आहे. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम दिसलें, व त्याचें पुढें काय झालें तें प्रत्येकाच्या बांधावर उभें आहे. पाळावयाचा तो आपल्याच रानांतला जीव पाळावा, आणि सोयाबीनच्या उगवणीच्या पंधरवड्यांत पालापाचोळा रोपांच्या अगदीं बुडाशीं दाटूं देऊं नये.

गळिताचा हंगाम संपण्यापूर्वीं ज्यांना हा प्रयोग करणें शक्य आहे त्यांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं पुढील माहिती संपादकांकडे पाठवावी : पाचट अगर पानें कोणत्या रानांतलीं, शेवटची फवारणी कशाची व किती दिवसांपूर्वींची, जीव सोडले किती, आणि एकवीस दिवसांनीं जिवंत उरले किती. पिलें झालीं असल्यास तीं वेगळीं लिहावीं. नांव छापूं नये अशी इच्छा असेल त्यांनीं पत्राच्या शिरोभागीं तसें नमूद करावें.