मेलेली बुरशी आमच्या माथी का मारता?

रासायनिक फवारे सोडा, जैविक धरा, असा उपदेश आता गावोगाव ऐकू येतो. उपदेश करणाऱ्यांना एकच विचारायचे आहे. तुम्ही देता त्या पुडीतली बुरशी जिवंत आहे का?

बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम ही नावे ऐकून दबून जायचे कारण नाही. पावसाळ्यात पानाला चिकटलेली, कडक झालेली, पांढऱ्या किंवा हिरवट भुकटीने माखलेली अळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती अशाच बुरशीने मेलेली असते. बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, ओल मिळाली की कोंब फोडतो, कातडी भेदून आत शिरतो आणि आतून कीड पोखरतो. किडीने ते खाल्लेच पाहिजे असे नाही, म्हणून रस शोषणाऱ्या माव्यावर आणि पांढऱ्या माशीवरही ही बुरशी चालते. इटलीत आगोस्तीनो बास्सीने १८३५ साली रेशीमकिड्यांचा रोग बुरशीने होतो हे दाखवले. मेचनिकॉव्हने १८७९ साली गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी मेटारायझियमचे प्रयोग केले. म्हणजे हे शास्त्र डीडीटीच्याही आधीचे. त्यात ऋषिमुनी आणायची गरज नाही.

चमत्कारही नाही. कीड मरायला चार ते दहा दिवस लागतात. रात्री फवारून सकाळी मेलेल्या अळ्या मोजायला जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये. कडक उन्हात बीजाणू मरतात, ओल नसली तर रुजत नाहीत. आपल्या कोरडवाहू मुलखात श्रावणातल्या ढगाळ हवेत, पऱ्हाटी दाटलेली असताना, किंवा विहिरीजवळच्या वांगी-मिरचीच्या तुकड्याला पाणी दिल्यावर दिवस कलता फवारली तर ती कामाची. आश्विनातल्या उघाडीत फवारणे म्हणजे भाजलेले बी पेरणे. आणि आपली जुनी खोड, सगळे एकाच पंपात ओतायची! बुरशीनाशकासोबत ही बुरशी टाकली की पैसे मातीत. शेजारी तुती-रेशीम असेल तर बिव्हेरिया फवारूच नका. बास्सीने पाहिलेला रोग तोच.

आता खरा मुद्दा. नोंदणीच्या निकषाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत बीजाणू हवेत. वैशाखात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पुडीत किती उरतात? कोण मोजतो? योजनेतली पुडी तर कापूस वेचायला आल्यावर हातात पडते. फुकट म्हणून आपणही घेतो. मग गुण आला नाही की शेतकरी अडाणी, त्याला वापरताच येत नाही! ‘जैविक’ लेबलाखाली रासायनिक विष निघाल्याचे प्रकारही या देशात उघडकीस आले आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही बोट दाखवले गेले ते हातमोजे न घालणाऱ्याकडे.

ही बुरशी वाढवतात कशावर, ठाऊक आहे? भिजवून वाफवलेल्या ज्वारीच्या किंवा तांदळाच्या दाण्यावर. आपली ज्वारी मातीमोल जाते आणि बुरशी चढली की किलोला शेकड्यांच्या भावाने परत येते. गावाने स्वतः का करू नये? शुद्ध मूळ बुरशी हवी, निर्जंतुक खोली हवी, हे खरे. पण दूध संघात फॅट तपासणारा पोरगा हेही शिकेल. विकायचे म्हटले की मात्र १९६८ चा कीटकनाशक कायदा आडवा येतो. जहाल विषांचा जो कायदा, तोच या बुरशीला. तात्पुरत्या नोंदणीची सवलत आहे, पण तिचे कागद आणि चाचण्या चार-चार एकरवाल्यांच्या गटाला झेपणाऱ्या नाहीत. तपासणी नको असे आम्ही म्हणत नाही. तपासणी दुकानातल्या पुडीची करा, पेरणीआधी करा, आणि बीजाणूंचा आकडा दुकानाच्या दारावर लावा. गावगटाच्या मालालाही तीच कसोटी लावा, फीचा डोंगर नको.

जिल्हा बैठकीला येताना यंदा घेतलेल्या जैविक औषधाची रिकामी पुडी सोबत आणा. तयार केल्याची तारीख तिच्यावर छापलेली असते. हातात पडल्याची तारीख पाठीमागे लिहून आणा. सगळ्या पुड्या टेबलावर मांडू, मग निवेदन लिहू.