उसनी चाल: त्यांचा ‘प्रयोग’, आपली ‘नक्कल’?

गेल्या पावसाळ्यात बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या एका घरी रेकॉर्ड ऐकायचा कार्यक्रम होता. ओळखीच्या एका संशोधक मैत्रिणीने नेलं होतं. भिंतभर रेकॉर्डी, गुडघ्यावर वही घेतलेली मंडळी, मधे कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम. त्या संध्याकाळी दोन रेकॉर्डी लागल्या. पहिली ‘ओस म्युटांटेस’ या ब्राझीलच्या बँडची, १९६८ची. दुसरी आपल्या देशातली, ‘सिमला बीट’, १९७०ची.

नंतर चर्चा झाली. बंडखोरी, प्रयोग, मौलिकता हे शब्द बरेच आले. मी विचारलं, “वामनदादा कर्डकांची गाणी कधी ऐकलीत का तुम्ही?” यजमान हसून म्हणाले, “पण ती सिनेमाच्या चालींवरची ना? त्यात ओरिजिनल काय?”

मी गप्प बसले. उत्तर सुचलं ते परतताना मेट्रोत. आपल्यापैकी पुष्कळांचं असंच होतं, म्हणून ते उत्तर इथे लिहिते.

आधी त्या ब्राझीलच्या अल्बमविषयी. साओ पावलोतले दोन भाऊ, अर्नाल्दो आणि सेर्जिओ, आणि त्यांच्यासोबत गाणारी रिता ली. बीटल्स ऐकून वेडी झालेली ही पोरं. त्यांनी इंग्रजांची गिटार उचलली आणि ब्राझीलच्या तालात घातली. एका गाण्यात तर झांजेच्या जागी कीटकनाशक फवारायचा पंप वाजवला. ते गाणंही त्यांचं नव्हे, फ्रान्सच्या एका गायिकेचं गाजलेलं गाणं. अल्बममधली इतर अनेक गाणी जिल्बेर्तो जिल, कायतानो वेलोझो आणि जॉर्ज बेन यांनी लिहिलेली. म्हणजे उसनवारी पानोपानी आहे. जग तिला प्रतिभा म्हणतं, आणि मलाही तो अल्बम मनापासून आवडतो.

या उसनवारीला ब्राझीलमध्ये तत्त्वज्ञान आहे. १९२८ साली ओस्वाल्द जि आंद्रादे या लेखकाने जाहीरनामा लिहिला. परक्याची संस्कृती नाकारू नका, गिळा, पचवा, आपलं रक्त करा, असा त्याचा आशय. चाळीस वर्षांनी तिथल्या संगीतकारांनी तो उचलून धरला.

आता ‘सिमला बीट’. सिमला हा सिगारेटचा ब्रँड. इम्पिरियल टोबॅको कंपनी त्याच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडांची स्पर्धा घ्यायची. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात अंतिम फेरी व्हायची. १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या रेकॉर्डी निघाल्या. गाणी इंग्रजी, काही स्वतःची, काही अमेरिकी बँडांची उचललेली. पुढे परदेशात त्या पुन्हा छापल्या गेल्या आणि आज भारतीय रॉकचा दुर्मीळ ठेवा म्हणून जपल्या जातात. मी त्या पोरांना नावं ठेवत नाही. विशीतली पोरं होती, जीव तोडून वाजवत होती. पण सिगारेट विकायला काढलेली, इंग्रजीतली, उसन्या सुरांची रेकॉर्ड जर ‘वारसा’ ठरते, तर उसनी चाल हा दोष मुळात कुणासाठी राखून ठेवलाय?

मी निपाणीची. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरात एक टेपरेकॉर्डर आणि जेमतेम डझनभर कॅसेटी: प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि वामनदादांची गाणी. आजीला वाचता येत नव्हतं. महाडचा सत्याग्रह, धम्मदीक्षा, घटना हे सगळं तिला त्या कॅसेटींनी शिकवलं. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, पण या विषयांचा पहिला तास मी त्या टेपरेकॉर्डरसमोर बसून केला.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा शाळेत गेले नव्हते. अक्षरं शिकले ती मोठेपणी, मुंबईत. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, ते एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. यजमानांचा आक्षेप नेमका इथेच आहे, म्हणून इथेच थांबून बघू.

चाल सिनेमाची का? कारण ती लोकांना आधीच येत होती. नवी चाल बसवायला वेळ लागतो, पेटी लागते, शिकवणारा लागतो. वस्तीतल्या लोकांना गुरूच्या घरी शिष्य म्हणून बसायला कोण देणार होतं? घराण्याचं दार बंद होतं, हॉटेलातला रेडिओ तेवढा मोफत होता. त्या रेडिओवरची नायक-नायिकेच्या लाडीगोडीची चाल घेऊन तिच्यात बाबासाहेबांचा विचार भरला, की सकाळी ऐकलेलं गाणं संध्याकाळी सगळी चाळ म्हणायची. शिवाय चाल घेतली तरी गाणं तेच राहत नाही. ढोलकी येते, कव्वालीचा सवाल-जवाब येतो, मागे कोरस धरणारी माणसं येतात. त्याच्याही आधी १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून गण-गवळणीचा देव बाहेर काढला. गिळा आणि पचवा हे सांगणारा जाहीरनामा यांच्यापैकी कुणी वाचला नसेल. पण काम तेच केलं, आणि ते करण्यासाठी त्यांना कुठल्या सिगारेट कंपनीची गरज पडली नाही.

आता बंडाच्या किमतीविषयी. १३ डिसेंबर १९६८ला ब्राझीलच्या लष्करी राजवटीने नागरिकांचे हक्क गोठवणारा पाचवा हुकूम काढला. दोन आठवड्यांत जिल आणि वेलोझो यांना अटक झाली. पुढे त्यांना देश सोडून लंडनला जावं लागलं, ते १९७२मध्ये परतले. म्युटांटेसवर ती वेळ आली नाही. जिल कृष्णवर्णीय आहेत, म्युटांटेसची पोरं गोरी होती, आणि गुलामगिरी १८८८पर्यंत टिकवून धरलेल्या त्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर हे लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे १९९७च्या जुलैत मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसं मारली, तेव्हा शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. २०२०च्या सप्टेंबरात कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. खटला निकाली न निघता ते वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. नुसती नक्कल करणाऱ्यांना सरकार इतकं घाबरत नसतं.

तेव्हा प्रश्न सुरांचा नाहीच. एकच कृती वरच्या जातीचा, इंग्रजी बोलणारा माणूस करतो तेव्हा तिला प्रयोग म्हणतात. आपण करतो तेव्हा ती नक्कल, आणि आवाज वाढवला तर गोंगाट. अभिरुची म्हणून जी मिरवली जाते, तिच्यात कान थोडा असतो, जात जास्त.

पहिल्या पिढीतल्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो, म्युटांटेसचं नाव ठाऊक नसेल तर लाजू नका. आवडत असेल तर चोरून ऐकू नका, परक्याचं घ्यायचा हक्क आपलाही आहे. पण घरातल्या कॅसेटी भंगारात जाऊ देऊ नका. पुढल्या सुट्टीत त्या बाहेर काढा. गायक कोण, कोरस कुणी धरला, गाणं कुठल्या वर्षीचं आणि मूळ चाल कुठल्या सिनेमाची, हे वहीत उतरवा. गाणाऱ्या बायांची नावं तर आवर्जून लिहा, आपल्या याद्यांतून तीच आधी गळतात. कडुबाई खरातांची एकतारी मोबाइलवर घरोघरी पोचली, त्यांच्या आधीच्या कितीजणी कुठल्याच यादीत नाहीत. प्रबंध लिहाल तेव्हा मूळ चालीचा रकाना लपवू नका, ठळक करा. आपल्या माणसांनी काय घेतलं आणि त्याचं काय केलं, याचा तो पुरावा आहे.

मी माझ्या यजमानांना फोन केलाय. पुढच्या बैठकीला आजीची कॅसेट घेऊन जाणार आहे. नियम तोच राहील: गाणं चालू असताना मधे कुणी बोलायचं नाही.

जय भीम.