‘रिकॉइल’ आणि आपला संकोच

‘रिकॉइल’ हा इंग्रजी शब्द आपण वर्गात निःसंकोच उच्चारतो. बंदुकीचा उलटा धक्का, किंवा किळस येऊन मागे सरणे. तो फ्रेंच ‘रक्युले’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कुलुस’, म्हणजे चक्क ढुंगण! ठाकूरद्वारच्या चाळीत ‘ढुंगणाला पाय लावून पळाला’ असे आज्यासुद्धा सहज म्हणत. तोच वाक्प्रचार मराठीच्या तासाला आला की आम्ही प्राध्यापक मंडळी घाईने ‘धूम ठोकली’ म्हणून मोकळे होतो. परभाषेतले ढुंगण ओळखू येत नाही, म्हणून ते सभ्य. स्वतःच्या भाषेच्या अंगापासून असे अंग चोरणाऱ्यांनी विद्यार्थ्यांची मराठी मिळमिळीत झाल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? गेल्या आठवड्यात वर्गात मीही ‘धूम’च ठोकली.