वारा थांबल्यावरचा उकाडा

अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन हे वाळूच्या लांबट बेटावरचे शहर. १९०० च्या वादळात तिथे हजारो माणसे गेली; नंतर समुद्रभिंत बांधली, शहराची जमीनही उंचावली. लाटा अडल्या, दमटपणा कसा अडणार? हवा ओलीच असेल तर घाम वाळत नाही आणि न वाळणारा घाम शरीर थंड करत नाही. त्यात उन्हाळ्यात समुद्र रात्रीही कोमट, म्हणजे झोपेतही हृदयाला उसंत नाही. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने त्या भागातली वीज गेली. शेजारच्या ह्यूस्टनमध्ये पुढच्या काही दिवसांत माणसे घरातल्या उकाड्याने दगावली. वादळाच्या इशाऱ्यात वाऱ्याचा वेग सांगतात (तो हवाच!), पण वीज नसताना म्हाताऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कुठे जायचे, हेही त्याच इशाऱ्यात यायला हवे.